पैनगंगेपलीकडचे ओतारी आणि केल्टांचा हंडा

नागपूरहून दक्षिणेस निघालेला महामार्ग हिंगणघाट व पांढरकवडा मागे टाकून पैनगंगेच्या पुलावर येतो आणि तेथून थोड्याच वेळात, नागपूरपासून सुमारे २०० किलोमीटरवर, आदिलाबाद शहरात शिरतो. नदी ओलांडली की राज्य बदलते आणि दुकानांच्या पाट्यांवरची लिपी बदलते. बोली मात्र एकाएकी बदलत नाही. कापसाच्या गाड्यांभोवती चाललेल्या व्यवहारात तेलुगूच्या बरोबरीने मराठी ऐकू येते, आणि डोंगराकडून बाजाराला आलेल्या मंडळींच्या तोंडी गोंडी व कोलामी असते. चार भाषांचा हा मुलूख आपल्या इतका शेजारी असूनही मराठी वाचकांस त्याची ओळख बेताचीच आहे.

हा जिल्हा पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो आंध्र प्रदेशात गेला, २ जून २०१४ पासून तेलंगणात आहे, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याचे आदिलाबाद, निर्मळ, मंचेरियाल व कोमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. या लेखात आदिलाबाद म्हणजे तो जुना, अखंड जिल्हा समजावा. उत्तरेस पैनगंगा, दक्षिणेस गोदावरी, पूर्वेस प्राणहिता आणि मधून गेलेली सातमाळा डोंगरांची रांग, अशी त्याची चतुःसीमा आहे. एके काळी येथे चांद्याच्या गोंड राजांची सत्ता चालत असे.

आदिलाबादहून गुडीहतनूर, इंद्रवेल्ली व उटनूर या मार्गाने डोंगरात शिरावे. इंद्रवेल्लीजवळ केसलापूर येथे पौष अमावास्येला नागोबाची मोठी जत्रा भरते. उटनूरच्या पुढे जैनूर लागते, आणि जैनूरच्या परिसरात उशेगाव नावाचे एक लहानसे खेडे आहे. साग, मोह आणि पळस यांच्या सोबतीने वसलेल्या या खेड्यात ओझा, किंवा तिकडच्या उच्चाराप्रमाणे ‘वोज’, या समाजाची काही घरे आहेत. हे लोक पिढीजात ओतारी होत. आसिफाबादकडील केसलागुडा येथेही त्यांची वस्ती आहे. गोंडांच्या देवतांची चिन्हे, घंटा, घुंगरू, पैंजण, दिवे, मोर, हत्ती, घोडे अशा पितळी वस्तू ते घडवतात. बंगालकडील ओताऱ्यांच्या नावावरून अशा कामास बाहेरचे लोक ‘डोकरा’ म्हणतात, आणि ‘आदिलाबाद डोकरा’ या नावाने त्यास २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला.

त्यांची रीत अशी. प्रथम बारीक माती मळून वस्तूचा ओबडधोबड गाभा करतात व तो उन्हात वाळवतात. मधमाश्यांचे मेण राळेबरोबर कढवून, गाळून, त्याचे सुतासारखे लांब धागे काढतात. हे धागे गाभ्यावर एकास एक लावून गुंडाळतात. मोराचा पिसारा, हत्तीची झूल, दिव्याची वेलबुट्टी, सारे काही या मेणाच्या धाग्यांनीच उमटते. मग त्यावर अतिशय बारीक मातीचा लेप, त्यावर जाड मातीचे अस्तर, आणि एका बाजूस धातू आत जाण्यापुरती वाट. हा मातीचा गोळा भट्टीत तापला की मेण वितळून निघून जाते आणि जेथे मेण होते तेथे पोकळी राहते. त्या पोकळीत रसरशीत पितळ ओतायचे. गोळा निवला की वरची माती फोडायची. आत मेणाच्या जागी पितळ उभे असते. साचा फुटल्यावाचून वस्तू हाती येत नाही, म्हणून एका साच्यातून दोन वस्तू कधीच होत नाहीत. उशेगावचे दोन मोर शेजारी ठेवून पाहिले तर त्यांत भावाभावांइतके साम्य दिसेल, पण ते एकच आहेत असे कोणी म्हणणार नाही.

ही विद्या फार जुनी आहे. १९२६ मध्ये मोहेंजोदडो येथे सापडलेली नर्तिकेची जगप्रसिद्ध मूर्ती अशाच रीतीने ओतलेली आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ही कृती वर्णिली असून, आधी मेण तोलून घ्यावे आणि त्याच्या प्रमाणात धातू घ्यावा, असा व्यवहारी हिशेबही सांगितला आहे. ते कल्याणी नगर याच दख्खनच्या पठारावर आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता वाचकांस थोडे दूर, युरोपच्या पश्चिम टोकाकडे नेतो. इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात गसेज ऑल सेंट्स नावाचे खेडे आहे. तेथे १९७२ मध्ये उत्खनन झाले, तेव्हा एका खड्ड्यात भाजलेल्या मातीच्या साच्यांचे हजारो तुकडे सापडले. सुमारे २,००० वर्षांपूर्वी तेथील ओताऱ्यांनी घोड्यांच्या तोंडातील कड्या व रथांचा साज ओतून, साचे फोडून, तुकडे त्या खड्ड्यात टाकून दिले होते. जवळजवळ ५० रथांना पुरेल इतक्या कामाचा तो केर होता, आणि मेणावर नक्षी काढण्याची हाडाची लहान हत्यारेही त्यातच मिळाली. रीत तीच: मेण, माती, आग, धातू आणि शेवटी साच्याचा चुरा. हे ओतारी केल्ट या लोकसमूहातील होते.

केल्ट हे नाव कित्येकांना अपरिचित वाटेल. परंतु त्यांच्या एका शाखेस आपण रविवारच्या वाचनांतून फार दिवस ओळखतो. संत पौलाने ज्यांना पत्र लिहिले ते गलतीकर मूळचे केल्ट होत. इ. स. पूर्व २७८ मध्ये त्यांच्या टोळ्या युरोपातून सामुद्रधुनी ओलांडून आजच्या तुर्कस्तानात उतरल्या आणि तेथेच स्थायिक झाल्या. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोम याने नमूद करून ठेवले आहे की, गलतीकरांची घरची भाषा जर्मनीतील ट्रियर नगराच्या आसपासच्या लोकांच्या भाषेशी जुळते. एवढ्या लांब अंतरावर पसरलेला हा समाज होता. त्यांचे एकच राज्य कधी नव्हते. बोली व कारागिरी यांच्या साम्यावरून आपण त्यांना एक नाव देतो.

ऑस्ट्रियातील हालश्टाट या मिठाच्या खाणींच्या गावी १८४६ पासून १८६३ पर्यंत सुमारे १,००० थडगी उघडण्यात आली, आणि १८५७ मध्ये स्वित्झर्लंडमधील ला तेन येथे सरोवराच्या काठी तलवारी व इतर लोखंडी वस्तू सापडल्या. या दोन गावांच्या नावांवरून केल्टांच्या कारागिरीचे दोन कालखंड ओळखले जातात. ला तेनच्या काळात, इ. स. पूर्व पाचव्या शतकापासून, त्यांच्या धातुकामात एकाएकी वळणदार वेली, पाकळ्या, डोळे वटारलेले प्राणी दिसू लागतात. ही नक्षी आली कोठून? जर्मनीतून परागंदा होऊन ऑक्सफर्डला आलेले विद्वान पाउल याकोब्स्थाल यांनी १९४४ मध्ये आपल्या ग्रंथात या प्रश्नाचा विस्तृत विचार केला. त्यांनी तीन झरे दाखवले: केल्टांचा स्वतःचा जुना वारसा, ग्रीस व इटलीतून आलेला माल, आणि पूर्वेचा संस्कार.

पूर्वेचा हा संस्कार एका वस्तूत पाहावयाचा तर फ्रान्समधील बास-युत्स येथे १९२७ मध्ये सापडलेल्या दोन सुरया पाहाव्यात. त्या आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. सुरईचा घाट इटलीतील एट्रुस्कन लोकांचा आहे. मुठीच्या जागी उभ्या असलेल्या श्वापदाच्या अंगलटीत काळ्या समुद्राकाठच्या सिथियन घोडेस्वारांच्या प्राणिचित्रांची छटा आहे. नक्षीतील पाकळ्यांचे मूळ मिसर व असुरियाच्या कमळांत असून ग्रीकांच्या हातून त्या उत्तरेकडे गेल्या होत्या. मात्र चोचीच्या टोकाशी बसवलेले लहानसे बदक, सुरई ओतताना धारेवर पोहत आहे असे वाटावे, ही गंमत त्या केल्ट कारागिराची स्वतःची. उसने घेऊन त्याचे आपलेसे करण्याची ही हातोटी होती.

या सुरयांत लाल पोवळे जडवलेले आहे, आणि पोवळ्यापाशी आपल्या देशाचा संबंध प्रत्यक्ष येतो. पोवळे भूमध्य समुद्रातले. रोमन ग्रंथकार प्लिनी, जो इ. स. ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या उद्रेकात मरण पावला, तो लिहितो की, रोमच्या स्त्रियांना जशी भारतातील मोत्यांची हाव, तशी भारतातील पुरुषांना पोवळ्यांची; पूर्वी गॉल प्रांतातले लोक, म्हणजे केल्ट, आपल्या तलवारी, ढाली व शिरस्त्राणे पोवळ्यांनी मढवीत, परंतु सारा माल भारताकडे जाऊ लागल्यापासून जेथे पोवळे निघते तेथेच ते दृष्टीस पडेनासे झाले. पुढच्या केल्टिक कामात पोवळ्याच्या जागी तांबडा मिना अधिकाधिक दिसू लागतो. आपल्याकडे मंगळाचे रत्न म्हणून बोटात घालावयाच्या पोवळ्याने एका परक्या मुलखातील सोनारकामाचा रंग पालटण्यास हातभार लावला, हे वाचून कोणालाही कौतुक वाटेल.

परंतु या साऱ्या चर्चेत सर्वांत अधिक नाव झाले ते एका चांदीच्या हंड्याचे. २८ मे १८९१ रोजी डेन्मार्कमधील गुंडेस्ट्रुप गावाजवळ दलदलीतून सरपणाची माती कापणाऱ्या मजुरांना तो सापडला. कोणीतरी त्याचे पत्रे सोडवून, तळाच्या भांड्यात नीट रचून ठेवून दिले होते. वजन जवळजवळ ९ किलो, व्यास ६९ सेंटिमीटर. कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात तो जोडून ठेवला आहे. पत्र्याच्या मागून ठोकून आकृत्या उठवल्या आहेत व काही भागांवर सोन्याचा मुलामा आहे. एका पत्र्यावर तुताऱ्या फुंकणारे वीर. त्या तुताऱ्या खात्रीने केल्टांच्या. दुसऱ्यावर एक पुरुष मांडी घालून बसलेला, डोक्यावर सांबरासारखी शिंगे, एका हातात गळ्यातील कडे, दुसऱ्यात मेंढ्याच्या शिंगांचा साप, आणि सभोवार पशू. तिसऱ्यावर एक देवी आणि तिच्या दोन्ही बाजूंस एकेक हत्ती!

डेन्मार्कच्या दलदलीत हत्ती पाहून विद्वानांनी भारताकडे दृष्टी वळवली यात नवल नाही. देवीच्या दोन्ही बाजूंस हत्ती म्हटले की आपल्याला गजलक्ष्मी आठवते. शिंगे असलेला आसनस्थ पुरुष म्हटले की मोहेंजोदडोची, हत्ती, वाघ, गेंडा व रेडा यांनी वेढलेल्या पुरुषाची मुद्रा आठवते. १९९२ मध्ये टिमथी टेलर या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने असे मत मांडले की, हा हंडा गावोगाव फिरणाऱ्या रुपेकारांच्या एखाद्या जमातीने घडवला असावा, आणि भारतापासून काळ्या समुद्रापर्यंत पसरलेल्या समान कल्पना तिच्या हाती असाव्यात. हंड्याचे काम आजच्या बल्गेरिया व रुमानियात, म्हणजे प्राचीन थ्रेसच्या प्रदेशात, चालत असलेल्या रुपेकामाशी फार जुळते, हे अनेक तज्ज्ञ मान्य करतात. म्हणजे घडवणारे हात थ्रेसकडचे, चित्रे बहुतांशी केल्टांची, आणि वस्तू निघाली डेन्मार्कात.

हा प्रकार युरोपातील पंडितांना कोड्यासारखा वाटतो. उशेगाव पाहिलेल्या मनुष्यास तो तितकासा अवघड वाटणार नाही. तेथे गोंडांचे देव घडवणारे ओझा आहेत. देव एकाचे, हात दुसऱ्याचे, आणि त्या देवांची कथा गाणारे परधान तिसरेच. त्यांपैकी कित्येकांच्या घरी मराठी बोलली जाते आणि देवापुढे गाणे मात्र गोंडीत होते. गोंडांच्या पेरसा पेन या थोर देवाचे चिन्ह म्हणजे भाल्याचे पाते आणि चवरी. त्या चवरीचे केस हिमालयापलीकडील याक नावाच्या जनावराच्या शेपटीचे. आता उद्या कोणी ती चवरी जमिनीतून उकरून काढली, तर तिबेटी लोक सातमाळ्याच्या डोंगरात राहत होते असा निष्कर्ष काढील काय? वस्तू पाय नसताना फार दूर चालत जाते.

आपल्या वाचकांपाशी याचे आणखी जवळचे उदाहरण आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर तेथील चर्चच्या घंटा मराठ्यांनी देशावर नेल्या. भीमाशंकराच्या शिवमंदिरापुढे आणि वाईजवळ मेणवलीच्या घाटावर अशा घंटा आजही टांगलेल्या आहेत. घंटेवरचा क्रूस व पोर्तुगीज घडण पाहून भीमाशंकरास कधी काळी ख्रिस्ती वस्ती होती असे कोणी म्हणणार नाही, कारण घंटा तेथे कशी आली तो इतिहास आपणांस लेखी ठाऊक आहे. जेथे असा लेख नाही तेथे जपून बोलावे, हाच त्यातील बोध.

दख्खनच्या बाबतीत ही सावधगिरी पूर्वी सर्वांनीच पाळली असे नाही. निजामाच्या चाकरीत शोरापूरचा कारभार पाहिलेले कर्नल मेडोज टेलर हे ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या १८३९ च्या कादंबरीमुळे प्रसिद्ध आहेत. त्यांनी हैदराबाद संस्थानात मोठमोठ्या शिळांची वर्तुळे व दगडी पेट्यांची थडगी उकरून पाहिली, आणि डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीस सादर केलेल्या निबंधात त्यांना केल्ट, ड्रुइड किंवा सिथियन लोकांची स्मारके म्हटले. आयर्लंडमधील शिळांशी असलेले साम्य त्यांना इतके पटले होते. पुढील संशोधनाने ही कल्पना टिकू दिली नाही. नागपूरजवळील जुनापाणी, माहुरझरी व नायकुंड येथील शिळावर्तुळे इ. स. पूर्व पहिल्या सहस्रकातील असून ती येथल्याच लोहयुगातील लोकांची आहेत. माहुरझरीला मृतांबरोबर पुरलेल्या घोड्यांचा तांब्याचा साज सापडला. साधारण त्याच काळी हालश्टाटच्या संस्कृतीतील सरदारही घोड्यांचा साज व गाड्या थडग्यात नेत होते. घोड्यावर प्रेम करणारे दोन समाज, एकमेकांस न ओळखता, एकाच रीतीने शोक करीत होते.

योगायोग असा की, आदिलाबादच्या डोंगरात ज्या विद्वानाने सर्वांत अधिक वास्तव्य केले तो ऑस्ट्रियाचाच, म्हणजे हालश्टाटच्या देशाचा. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे १९४० नंतर जैनूरजवळच्या मारलवाई गावी पत्नी बेटी यांच्यासह गोंडांमध्ये राहिले. निजाम सरकारचे सल्लागार म्हणून त्यांनी गोंडांच्या जमिनी व शाळा यांसाठी पुष्कळ खटपट केली. व्हिएन्नातील त्यांचे एक गुरू रोबेर्ट हाइने-गेल्डेर्न यांचा असा सिद्धांत होता की, काळ्या समुद्राकडून निघालेल्या टोळ्यांनी हालश्टाटच्या धाटणीची धातुविद्या पार व्हिएतनामपर्यंत नेली. हाही सिद्धांत आज फारसे कोणी मानीत नाही. व्हिएतनामच्या ओताऱ्यांनी आपले काम जवळच्याच परंपरेतून वाढवले असे दिसून आले आहे. शिष्याने मात्र मारलवाईत बसून जिवंत माणसांचे ऐकले व लिहून घेतले, आणि ते लेखन आजही उपयोगी पडते.

हीच कसोटी हंड्यावरील शिंगांच्या पुरुषास लावून पाहू. दिवाळीच्या दिवसांत आदिलाबादच्या खेड्यांतून दंडारीचे मेळे निघतात. त्यांतील गुसाडी अंगास राख फासून, खांद्यावर कातडे घेऊन, मोरपिसांचा उंच मुकुट घालून नाचतात. कित्येक मुकुटांना हरणाची शिंगेही लावलेली असतात. पॅरिसच्या नोत्र दाम महामंदिराखाली अठराव्या शतकाच्या आरंभी एक कोरीव खांब सापडला, त्यावर शिंगांच्या केल्टिक देवाचे ‘केर्नुन्नोस’ असे नाव कोरलेले आहे. गुसाडीचा मुकुट, केर्नुन्नोसची शिंगे आणि मोहेंजोदडोची मुद्रा ही तिन्ही शेजारी ठेवली की मन मोहात पडते. परंतु मुद्रा आणि हंडा यांच्यामध्ये सुमारे २,००० वर्षांचे अंतर आहे, आणि मधले दुवे कोणी दाखवलेले नाहीत. अरण्यात राहणाऱ्या माणसाला शिंगांचे जनावर थोर वाटावे, यासाठी त्याने दुसऱ्या खंडातून शिकवणी घेण्याचे कारण नाही.

हत्तीची गोष्ट मात्र निराळी आहे. शिंगांचे जनावर युरोपात होते, हत्ती नव्हता. तो कोणीतरी पाहिला, किंवा त्याचे चित्र पाहिले, तेव्हाच हंड्यावर उमटला. आणि केल्टांनी हत्ती पाहिल्याचा पुरावा आहे. चंद्रगुप्त मौर्याने सेल्यूकसला ५०० हत्ती दिले, हे ग्रीक ग्रंथकारांनी लिहून ठेवले आहे. त्याच सेल्यूकसचा पुत्र अँटायोकस याने इ. स. पूर्व २७५ च्या सुमारास आशिया मायनरात गलतीकरांचा पराभव केला तो हत्तींच्या बळावर. ल्यूशियन हा लेखक त्यांची संख्या १६ सांगतो. हत्ती पाहताच गलतीकरांचे घोडे उधळले आणि लढाई संपली. अशा हत्तींची आठवण व चित्रे थ्रेसच्या रुपेकारापर्यंत पोहोचणे सहज शक्य आहे. म्हणून शिंगांविषयी मौन, हत्तीविषयी होकार आणि गजलक्ष्मीविषयी ‘असेलही’, एवढेच न्यायाने म्हणता येते.

ख्रिस्ती धर्माचा प्रसार झाल्यावर केल्टांच्या कलेत पूर्वेचा झरा आटला नाही, उलट नव्या वाटेने वाहू लागला. आयर्लंडच्या उंच दगडी क्रूसांवर मिसरच्या वाळवंटातील संत अंतोनी व संत पौल हे दोन तपस्वी कोरलेले आहेत, कारण आयरिश मठवासी त्यांना आपले पूर्वज मानीत. जुलै २००६ मध्ये आयर्लंडच्या टिपरेरी परगण्यात एका दलदलीतून स्तोत्रसंहितेची इ. स. ८०० च्या सुमाराची हस्तलिखित पोथी निघाली. ती दुरुस्त करताना तिच्या कातडी वेष्टनाच्या आत पपायरसचे अस्तर सापडले, आणि पपायरस हा मिसरचा. स्वीडनमधील हेल्ये बेटावरील शोध तर याहून विस्मयकारक. तेथे १९५४ पासून झालेल्या उत्खननात आयरिश बिशपच्या दंडाचे शीर, मिसरकडील ख्रिस्ती लोकांचा धातूचा पळा, आणि वायव्य भारतात सहाव्या शतकात ओतलेली बुद्धाची लहानशी मूर्ती, या तिन्ही वस्तू निघाल्या. त्या बुद्धाने स्वीडनमध्ये कोणाला बौद्ध केले नाही. परंतु तीन दिशांच्या कारागिरांच्या हातचे काम एका बेटावर जपून ठेवावेसे कोणाला तरी वाटले, ही गोष्ट खरी.

आता पुन्हा उशेगावकडे पाहू. गसेज ऑल सेंट्सच्या खड्ड्यातील हजारो तुकडे पंडितांनी वर्षानुवर्षे जुळवले, मातीचे पृथक्करण केले. इतके करूनही मेणात राळ किती घालीत, भट्टी तयार झाली हे कशावरून ओळखीत, पहिली घंटा कोणाच्या नावाने ओतीत, हे त्यांना कोणीही सांगू शकत नाही. सांगणारे हात २,००० वर्षांपूर्वीच थांबले. उशेगावात हे प्रश्न विचारावयाचे तर उत्खनन नको; ओट्यावर बसून विचारावे, उत्तर मिळते. जगातील फार थोड्या ठिकाणी ही सोय उरली आहे.

ती किती दिवस राहील, हे सांगणे कठीण. पितळ महाग आहे, मेण व सरपण मिळवणे पूर्वीसारखे सुलभ नाही, आणि गोंडांच्या घरीही आता बाजारचे तयार दिवे येतात. एक मोर घडवावयास कित्येक दिवस लागतात. शहरातील गिऱ्हाईक मात्र यंत्रावर काढलेल्या मूर्तीच्या भावाने तो मागते. भौगोलिक निर्देशांकाने नावाचे रक्षण होते, पोटाचे होतेच असे नाही. कारागिराचा मुलगा शाळेत शिकून नोकरीस लागला तर त्यात वाईट काहीच नाही. उलट तो त्याचा हक्क आहे. वाईट एवढेच की, काम सोडावे लागण्याचे कारण त्याच्या कामाचा उचित मोबदला न मिळणे हे असावे.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी वेदीपुढचा दिवा, क्रूस किंवा नाताळच्या गोठ्यातील गाय-बैल विकत आणण्याचा प्रसंग दरवर्षी येतो. आपापल्या भागातील ओतारी, कासार, कुंभार यांना त्या वेळी आठवावे, आणि भाव करताना त्या वस्तूत गेलेले दिवस मोजावेत. मुलांना घेऊन कधी नागपूर-हैदराबाद मार्गाने जाणे झाले तर दोन तास अधिक खर्चून डोंगरात वळावे. साचा दरवेळी फुटतोच. नवा साचा बांधणारी बोटे कामावर आहेत तोवर त्याची चिंता नाही.